हद्द कायम

वडील मोजणी खात्यात होते. सावंतवाडीकडे
साखळी ओढत फिरायचे, आणि त्यांच्या अर्जांवरचा एक शब्द
मला लहानपणी फार आवडायचा: हद्द कायम.
दगड पुरला, चुन्याचं बोट ओढलं,
की म्हणे भांडण मिटलं.

मी टॉन्टनला समुद्राचे नकाशे करते.
इथे दगड पुरायला जागा नाही.
ओहोटी सगळ्यात मागे सरते तिथली ओली रेघ,
तिच्यापासून मोजायचं: बारा मैल, दोनशे मैल,
मासे कुणाचे, तेल कुणाचं, तळातली वाळूसुद्धा कुणाची.
आणि रेघ तर चालते आहे.

एप्रिलमध्ये विदर्न्सीच्या दक्षिणेला गेलो.
यॉर्कशरचा हा किनारा नुसती माती,
कड्याचा तुकडा पडतो तेव्हा आवाजही फार होत नाही,
कुणी पोतं टेकवल्यासारखा.
सोबत तेबाओ, किरिबातीहून शिकायला आलेला.
त्याच्या बेटावरची सगळ्यात उंच जागा
म्हणजे चर्चची पायरी, असं तो सांगतो
आणि आपण हसावं अशी अपेक्षा ठेवत नाही.

ब्लेन्किनबाईंनी चहाला आत घेतलं.
बिस्किटांच्या डब्यातून घराचं खत काढलं, १९६८चं.
मी सवयीने चतुःसीमा वाचल्या:
पश्चिमेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस हॅरप यांचं शेत,
पूर्वेस गल्ली, गल्लीपलीकडे गोठा, गोठ्यापलीकडे कुरण.
पूर्वेच्या खिडकीतून पाहिलं.
कपडे वाळत घालायचा एक खांब.
दुसरा खाली.

"पाण्यात गेलेली जमीन माझी उरत नाही म्हणे," बाई म्हणाल्या,
"घर पाडायचं पत्र मात्र माझ्याच नावाने येतं."

तेबाओने कप ठेवला.
"आमच्याकडे उलटं ठरवलंय.
एकदा जाहीर केलेली रेघ हलवायची नाही.
पाणी चढो, बेट खचो, रेघ तिथेच.
बरेच देश हो म्हणाले. कायदा पोहायला शिकतोय."

बाईंनी साखर ढवळली, बराच वेळ.
"म्हणजे बेट गेलं तरी भोवतीचा समुद्र तुमचा?"
"मासे आमचे. शाळा, औषधं, सगळं त्यातूनच निघतं."
"मग माझ्या परसासाठी थांबेल का तुमची रेघ?"

नाही. ती देशांसाठी थांबते.
हे मी मराठीत म्हणाले, मनातल्या मनात.
इंग्रजीत धीर झाला नाही.

आमच्या किनाऱ्यावर मर्यादावेल असते,
जांभळ्या फुलांची, वाळू मुठीत धरून पसरलेली.
तिच्या पुढे समुद्र येत नाही, असं आम्ही मानायचो.
मानणं हाच कायदा होता बहुतेक,
आणि समुद्राला कुणी विचारलं नव्हतं.

टॉन्टनला परतल्यावर, तेबाओला शिकवायला म्हणून,
त्याच किनाऱ्यावर मी दोन रेघा काढल्या.
एक जहाजांसाठी: पाणी आज जिथे आहे तिथे,
कारण इथे खोटं बोललं तर माणसं मरतात.
दुसरी तुटक, जुन्या सालची, कायद्यासाठी,
कारण तिथे खरं बोललं तर
तेबाओ मागेच उभा होता. वाक्य पुरं केलं नाही.

दोघींमध्ये नखाच्या कडेएवढी फट.
मला वाटलं होतं, बाईंची गल्ली त्या फटीत सापडेल.
नव्हती. ती दोन्ही रेघांच्या अलीकडे निघाली,
रोज दोनदा भिजणाऱ्या पट्टीत,
जिला आम्ही हिरवा रंग देतो,
ना समुद्राचा ना जमिनीचा.

वडील असते तर विचारलं असतं, दगड कुठे पुरलास?

त्या हिरव्यात, पूर्वेस गल्ली होती तिथे,
एक आकडा लिहिला आणि रिवाजाप्रमाणे अधोरेखित केला: दोन.
म्हणजे ओहोटीला दोन मीटर उघडी पडते.
बाकी वेळ नाही.